ऑग्राबीस धबधब्यावर कॅरॅव्हॅनचा मुक्काम: डिसेंबर की एप्रिल?

प्रश्न थोडक्यात असा. जोहान्सबर्गला राहणारं एक मराठी कुटुंब. दोघं, दोन मुलं, आणि नाशिकहून येणारे आई-बाबा. डिसेंबरच्या शाळेच्या सुट्टीत भाड्याची कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर) आणि एक तंबू घेऊन दक्षिण आफ्रिकेतल्या ऑग्राबीस फॉल्स राष्ट्रीय उद्यानात चार रात्री राहायचा बेत आहे. कॅरॅव्हॅनमध्ये एसी नाही. चालेल का, धबधबा भरलेला असेल का, आणि तयारी काय करायची?

आधी स्पष्ट सांगतो: सत्तरीतल्या आई-बाबांना घेऊन, एसी नसलेल्या कॅरॅव्हॅनमधून डिसेंबरात, म्हणजे तिथल्या भर उन्हाळ्यात, जाऊ नका. सुट्टी हलवता येत असेल तर मार्चअखेर ते मेचा मध्य हा काळ धरा. दिवसा फिरता येईल असं ऊन, रात्री पातळ दुलई पुरेल अशी थंडी, आणि वरच्या खोऱ्यातला पाऊस संपत आलेला असला तरी नदीला बऱ्यापैकी पाणी. ईस्टरचा आठवडा मात्र टाळा, तेव्हा कॅम्पसाइटवर पाय ठेवायला जागा नसते.

या उद्यानात सगळं दोन गोष्टींवर ठरतं, ऊन आणि नदी. आणि गंमत म्हणजे या दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

ऊन तिथलं आहे. नॉर्दर्न केपमधला हा भाग निमवाळवंट आहे, वर्षाला सरासरी सव्वाशे मिलिमीटरच्या आत पाऊस. म्हणजे कोकणात जुलैच्या एखाद्या दिवसात पडतो तेवढा तिथे वर्षभरात. डिसेंबर-जानेवारीत पारा ४० अंशांच्या वर जाणं नेहमीचं. गुलाबी-करड्या नाइस (पट्ट्यापट्ट्यांचा कठीण) खडकाचे उघडे डोंगर दिवसभर तापतात आणि रात्री दहापर्यंत ती धग परत सोडत राहतात. जून-जुलैत उलटं, पहाटे पारा शून्याखालीही जातो.

पाणी मात्र तिथलं नाही. ऑरेंज नदी, म्हणजे गारीप, लेसोथोच्या डोंगरात उगम पावते आणि सुमारे २,२०० किलोमीटर वाहून अटलांटिकला मिळते. ऑग्राबीसला ती ५६ मीटर खाली कोसळते आणि पुढे १८ किलोमीटर लांबीच्या घळीत शिरते. तिथे आकाशात ढग नसताना पूर येऊ शकतो, आणि तिथे धो-धो पाऊस पडला तरी धबधब्यात फरक पडत नाही. पाणी किती असेल हे गारीप आणि व्हँडरक्लूफ या दोन मोठ्या धरणांतून किती सोडतात आणि वाटेत मिळणारी व्हाल नदी किती आणते यावर ठरतं. वरच्या खोऱ्यात पावसाळा उन्हाळ्यात असतो, त्यामुळे मोठं पाणी यायचं तर ते बहुधा जानेवारी ते मार्चमध्ये. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात धबधबा बारीक असण्याची शक्यताच जास्त.

आपल्याकडच्या बातम्यांत विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात, तिकडे सेकंदाला घनमीटरमध्ये. एक घनमीटर म्हणजे साधारण ३५ क्युसेक. कोरड्या दिवसांत ऑग्राबीसवर ४० घनमीटरच्या आसपास पाणी असतं, म्हणजे १,४०० क्युसेक. तेव्हा एकच पांढरी सोंड घळीत उतरताना दिसते. १९८८च्या पुरात ७,८०० घनमीटर नोंदवलं गेलं, म्हणजे पावणेतीन लाख क्युसेक. अशा वेळी मुख्य धार वेगळी ओळखूच येत नाही, घळीच्या काठाकाठाने जिथे तिथे नवे धबधबे फुटतात. निघायच्या आधी काकामास गावाजवळच्या न्यूसबर्ग बंधाऱ्यावरचा विसर्ग पाहा. सरकारी जलखातं तो रोज जाहीर करतं, आणि बंधारा धबधब्याच्या थोडाच वर असल्याने तोच आकडा तुम्हाला प्रत्यक्ष दिसणार आहे. आकडा हजारात असेल तर दृश्य आयुष्यभर लक्षात राहील, पण मग लाकडी पायवाटा आणि काही दर्शनस्थळं सुरक्षेसाठी बंद ठेवतात हेही धरून चला.

डिसेंबरच हातात असेल तर बेत असा बदला. आई-बाबांसाठी उद्यानातलंच एसी असलेलं शॅले (छोटी बंगली) घ्या आणि तुम्ही चौघं कॅरॅव्हॅनमध्ये राहा. दुपारी अकरा ते पाच सगळ्यांनी शॅलेत किंवा पोहण्याच्या तलावावर. बाहेर पडायचं ते पहाटे आणि संध्याकाळी. आरक्षण सॅनपार्क्स या राष्ट्रीय उद्यानं चालवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर होतं आणि सुट्टीच्या तारखा फार लवकर भरतात. तुमची दक्षिण आफ्रिकेतल्या वास्तव्याची कागदपत्रं सोबत ठेवा, रहिवाशांना प्रवेशशुल्क कमी असतं. आई-बाबांना परदेशी पाहुण्यांचा दर लागेल, आणि तो माणशी, दररोज असतो. चार दिवसांचा हिशेब करून वर्षाचं वाइल्ड कार्ड, म्हणजे उद्यानप्रवेशाचा वार्षिक पास, स्वस्त पडतं का ते बघा.

आता गाडी. जोहान्सबर्गहून एन१४ महामार्ग धरून व्हेंटर्सडॉर्प, फ्रायबर्ग, कुरुमान, अपिंग्टन, काकामास आणि तिथून आर३५९ने उद्यान. सगळा रस्ता डांबरी, अंतर ९०० किलोमीटरच्या वर. कॅरॅव्हॅन ओढत हे एका दिवसात करू नका. साधारण ५३० किलोमीटरवर कुरुमानला मुक्काम करा. तिथे गावाच्या मधोमध एक झरा आहे, दिवसाला सुमारे दोन कोटी लिटर स्वच्छ पाणी देणारा. कालाहारीच्या काठावर असं पाणी उसळताना पाहून आई-बाबांना बरं वाटेल. दुसऱ्या दिवशी काथू किंवा ओलिफान्ट्सहुकला टाकी भरा. पुढे अपिंग्टनपर्यंत दीडशेहून जास्त किलोमीटर जवळजवळ काही नाही. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. कुडू हा हरणासारखा मोठा प्राणी रस्त्यावर उडी मारतो, आणि दोनशे किलोचा प्राणी बॉनेटवरून थेट काचेत येतो.

लायसन्स आधी तपासा. त्यावर नुसतं बी असेल तर ७५० किलोपर्यंतचाच ट्रेलर ओढता येतो. घरगुती आकाराच्या बहुतेक कॅरॅव्हॅनचं अनुज्ञेय वजन त्याहून जास्त असतं, त्याला ईबी लागतं. भाड्याने देणारा विचारेलच असं नाही, पण अपघात झाला की विमा कंपनी नक्की विचारते. ईबी नसेल तर छतावर तंबू असलेली बकी (पिकअप) घ्या. चौघांना ती सोयीचीही पडते.

कॅरॅव्हॅन ताब्यात घेताना सगळे सोफे, पडदे, नळ बघतात आणि टायर बघायचे राहतात. या गाड्या वर्षातले अकरा महिने उभ्या असतात. नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर वाळून बाजूला बारीक भेगा पडलेल्या असतात आणि तापलेल्या डांबरावर तो टायर फुटतो. टायरच्या कडेवर डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपेक्षा जुना टायर असेल तर बदलून मागा, अतिरिक्त चाकासकट. हवा सकाळी थंड टायरमध्ये भरा. दुपारी मीटरवर आकडा चढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका, संध्याकाळी तोच टायर बसतो आणि मऊ टायर अजून तापतो.

हिचवर, म्हणजे कॅरॅव्हॅन गाडीला जोडायच्या सांध्यावर, येणारं वजन हा दुसरा मुद्दा. कॅरॅव्हॅनच्या एकूण वजनाच्या साधारण सात-आठ टक्के भार टो-बॉलवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीच्या गोळ्यावर, हवा. १,२०० किलोची असेल तर ८५ ते १०० किलो. घरातला वजनकाटा घ्या, त्यावर फळी ठेवा आणि हिचचं टोक त्यावर टेकवा, झालं मोजमाप. हा भार कमी पडला की मागचं वजन जास्त होतं आणि ताशी नव्वदला, शेजारून मोठा ट्रक गेला की कॅरॅव्हॅन शेपटी हलवायला लागते. तसं झालं तर ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरून फक्त अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा. पाण्याचे कॅन, डबाबंद वस्तू, बॅटरी असं सगळं जड सामान चाकांच्या आसावर, जमिनीलगत. कॅरॅव्हॅनची पाण्याची टाकी प्रवासात रिकामी ठेवा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळा. प्रत्येक थांब्यावर दोन्ही बाजूंच्या चाकाच्या मध्याला तळहात जवळ नेऊन बघा. एक कोमट आणि दुसरं चटका देणारं असेल तर बेअरिंग तरी जातंय किंवा ब्रेक तरी चिकटलाय. पुढे जाण्याआधी दुरुस्त करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कॅम्पसाइटवर जागा कशी निवडायची. यात भारतातून नव्याने गेलेला माणूस हमखास चुकतो, कारण सूर्य कुठून कुठे जातो याचा अंदाज आपल्या अंगात मुरलेला असतो आणि तो तिथे उलटा पडतो. ऑग्राबीस २८.६ अंश दक्षिण अक्षांशावर आहे. दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो, म्हणून झाडाची दुपारची सावली झाडाच्या दक्षिणेला पडते. एप्रिलमध्ये हे सरळ लागू होतं. डिसेंबरात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, सावली खोडाशीच, आणि खरा त्रास पुढे सुरू होतो. साधारण तीननंतर सूर्य पश्चिमेच्याही दक्षिणेला सरकतो आणि नैऋत्येकडे झुकत मावळतो, तोही संध्याकाळी साडेसातच्या सुमारास. जोहान्सबर्गपेक्षा अर्ध्या तासाहून जास्त उशिरा, कारण घड्याळ तेच पण जागा बरीच पश्चिमेला. सर्वांत तापलेला काळ तीन ते सहा, आणि त्या वेळी ऊन तिरपं येतं. म्हणून डिसेंबरात अशी जागा बघा जिच्या पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे, दाट झाड आहे. सकाळी दहाला सुंदर सावली दिसली म्हणून जागा पकडाल तर चारला तव्यावर बसाल.

मग कॅरॅव्हॅनचं तोंड. तिथे गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, त्यामुळे कॅरॅव्हॅनचं दार आणि मांडव (दारापुढे ताणायचं कापडी छत) डाव्या बाजूला असतो. नाक पश्चिमेकडे करून उभी केली तर संध्याकाळच्या उन्हाला फक्त तिची अरुंद बाजू मिळते, आणि मांडव दक्षिणेला येतो. डिसेंबरात याला एक पुरवणी हवी. तीननंतरचं नैऋत्येचं ऊन मांडवाच्या पश्चिमेकडच्या उघड्या बाजूतून आत शिरतं, तिथे ८० टक्क्यांचं शेडनेट बांधा. आपल्या रोपवाटिकांवर असतं तेच हिरवं जाळीचं कापड, चार मीटरचा तुकडा पुरतो. ताडपत्री बांधू नका, वारा अडतो आणि आत भट्टी होते. जून-जुलैत गेलात तर सगळं उलट करा, नाक पूर्वेला. म्हणजे मांडव उत्तरेला येईल आणि सकाळपासून कोवळं ऊन आत येईल.

उभी करायचा क्रम असा. आधी डावी-उजवी पातळी, कारण ती नंतर करता येत नाही. जे चाक खाली असेल ते फळीवर किंवा उतरत्या ठोकळ्यावर चढवा. दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी (चाक घरंगळू नये म्हणून पाचर) लावा. मगच हिच सोडा. पुढचं छोटं चाक फिरवून पुढची-मागची पातळी स्पिरिट लेव्हलवर आणा. शेवटी चार कोपऱ्यांचे पाय खाली सोडा, ते फक्त टेकवायचे. पायांवर कॅरॅव्हॅन उचलायला गेलं की चासी पिळवटते, आणि मग दार लागेनासं होतं. जमीन कडक आहे, पातळ मातीखाली मुरूम आणि खडक. तंबूबरोबर येणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या मेखा पहिल्याच ठोक्याला वाकतात. ३० सेंटिमीटरच्या लोखंडी मेखा आणि दोन किलोचा हातोडा न्या. उन्हाळ्यात दुपारनंतर वादळी ढगांच्या पुढे झोडपणारा वारा येतो, तोही पाऊस न पडता. जागा सोडून फिरायला निघताना मांडव गुंडाळायचाच, आकाश कितीही निरभ्र असलं तरी. फाटलेले मांडव बहुतेक मालक धबधबा बघायला गेलेले असतानाच फाटतात.

विजेच्या खांबावर निळा, गोल, तीन खुंट्यांचा कॅरॅव्हॅन प्लग लागतो. तुमच्याकडे तो असेलच. आई-बाबांना मात्र सांगा की आपल्याकडच्या गिझर-एसीचा जाड तीन-पिनी प्लग दक्षिण आफ्रिकेतल्या जुन्या पद्धतीच्या सॉकेटमध्ये बसतो, पण चार्जरच्या बारीक पिनांना अडॅप्टर लागेल. केबल २.५ चौरस मिलिमीटरची, २५ मीटर, आणि ती पूर्ण उलगडून ठेवायची. रिळावर गुंडाळलेली ठेवून वर किटली लावली तर आतल्या वेढ्यांचं आवरण वितळतं. एका जागेला सुमारे ३,५०० वॉट मिळतात असं धरा. किटली २,०००, छोटा एसी किंवा इंडक्शन शेगडी १,५००. दोन्ही एकदम लावलं की मर्यादा गाठलीच, वर फ्रिज-दिवे आले की खांबावरचा एमसीबी पडतो.

फ्रिजबद्दल लोक सर्वांत जास्त फसतात. जुन्या कॅरॅव्हॅनमध्ये तीन प्रकारे चालणारा फ्रिज असतो, गॅस, १२ व्होल्ट आणि २२० व्होल्ट. त्याला कॉम्प्रेसर नसतो, उष्णतेवर अमोनिया फिरवून तो गारवा करतो. कॅरॅव्हॅन तिरकी असेल तर हा फ्रिज नीट चालतच नाही, आणि बाहेर ३८-४०च्या वर गेलं की आतलं दूध फाटेल इतपतच गार राहतं. त्याची मागची जाळी पश्चिमेच्या उन्हात येणार नाही हे बघा, आणि जाळीमागे संगणकाचा छोटा १२ व्होल्टचा पंखा लावला तर बराच फरक पडतो. १२ व्होल्टवर तो फक्त प्रवासात गारवा टिकवतो, गार करत नाही. कॉम्प्रेसरचा ४० लिटरचा फ्रिज यापेक्षा खूप भरवशाचा, पण बॅटरीचं गणित बघा. चालू असताना तो साडेतीन-चार अँपिअर घेतो. पंचविशीच्या हवेत तासातले वीस मिनिटं चालतो, दिवसाला ३० अँपिअर-तास. चाळिशीत तो चाळीस मिनिटं चालतो, म्हणजे ६०. शंभर अँपिअर-तासांच्या एजीएम (बंदिस्त लेड-अ‍ॅसिड) बॅटरीतून निम्मेच वापरायचे असतात, म्हणजे वीज गेली तर ती दिवसभरही पुरत नाही. सोलर पॅनेल छतावर असेल आणि तुम्ही कष्टाने शोधलेली दाट सावली त्याच छतावर असेल, तर पॅनेल काहीच देत नाही. सुटं पॅनेल आणि दहा मीटरची जाड वायर न्या. सावली माणसांना, ऊन पॅनेलला.

एसी नसला तरी एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे, हवा अतिशय कोरडी. मुंबईत ओला टॉवेल लटकवून काही होत नाही, इथे होतं. विदर्भात कूलर का चालतो आणि ठाण्यात का नाही, त्याचंच हे उत्तर. वाऱ्याच्या बाजूच्या खिडकीवर ओला सुती पंचा, समोरच्या बाजूची खिडकी आणि छतावरचं झडप उघडं, आणि मध्ये १२ व्होल्टचा पंखा. पंचा तासाभरात कडक वाळतो, पुन्हा भिजवायचा. रात्री झोपताना चादर ओली करून पिळून अंगावर घेतली तर पहिले दोन तास झोप लागते, आणि नंतर हवाच उतरते. पिण्याचं पाणी गार ठेवायला जाड किंतानाची पिशवी मिळते, आपल्या छागलीसारखीच, तिथले शेतकरी ती गाडीच्या बंपरला टांगत. झाडाच्या फांदीला सावलीत, वाऱ्यावर टांगा.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला पाच-सहा लिटर धरा. सहा जणांना चार दिवसांचे दीडशे लिटर होतात. पाच लिटरचे कॅन अपिंग्टनला भरून घ्या, सगळं वजन जोहान्सबर्गपासून ओढायची गरज नाही. या हवेत घाम दिसत नाही, निघताच वाळतो. त्यामुळे तहान लागेपर्यंत माणूस बराच सुकलेला असतो, आणि वयस्कर माणसांची तहानच मंदावलेली असते. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे दिवसातून दोनदा आई-बाबांना आठवणीने द्या. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्या. कोणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग तापलं आणि त्वचा कोरडी पडली तर तो उष्माघात आहे. ओल्या चादरीत गुंडाळून, पंखा लावून, त्याच क्षणी काकामासच्या रुग्णालयाकडे निघा. ४० किलोमीटर आहे.

किराणा जोहान्सबर्गहूनच न्या. फोर्ड्सबर्गला डाळी, पोहे, मसाले सगळं मिळतं. भाजी-फळं अपिंग्टन किंवा काकामासला घ्या. नदीकाठचा हा पट्टा कालव्यांच्या पाण्यावर द्राक्षं आणि बेदाणा पिकवतो. तासगावचा बेदाणा पाहिलेल्यांना रस्त्याच्या कडेची बेदाण्याची वाळवणं लगेच ओळखू येतील. स्वयंपाक सकाळी आठच्या आत उरकायचा आणि दुपारी दहीभात, काकडी, कलिंगड. गॅसचा सिलिंडर कॅरॅव्हॅनच्या बाहेरच, आणि प्रवासात त्याचा मुख्य नळ बंद. थंडीच्या दिवसांत ब्रायचे (तिथल्या मांस भाजायच्या शेगडीचे) निखारे ऊब यावी म्हणून तंबूत घेऊ नका, कधीच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतच माणसं जातात. सरपण किंवा कोळसा विकत घ्या, उद्यानात काटकी उचलायलाही मनाई आहे.

खाण्याचं नाव काढलं की माकडं आलीच. व्हर्व्हेट माकडं आणि बबून दोन्ही कॅम्पवर फिरतात. व्हर्व्हेट तंबूची चेन उघडतं. दोन चेनच्या कड्या एकमेकींत अडकवून छोटं कुलूप किंवा कॅराबिनर (चापाची कडी) लावा. पण आत ब्रेड, केळी किंवा साखर असेल तर बबून चेनच्या भानगडीत पडत नाही, कापडच फाडतो. म्हणून तंबूत खायचं काहीच ठेवू नये, टूथपेस्टसुद्धा नाही. सगळं गाडीत, काचा पूर्ण बंद. मुलांच्या हातातला खाऊ बबूनने पकडला तर सोडून द्यायचा, ओढाओढी नाही, डोळ्यांत बघायचं नाही.

बूट बाहेर ठेवले असतील तर सकाळी झटकल्याशिवाय पाय घालू नका. विंचवांबाबत एक ओळख मुलांनाही शिकवा. नांगी जाड आणि पुढचे चिमटे बारीक, तो धोक्याचा. चिमटे मोठे आणि शेपटी बारीक, तो कमी विषारी. अतिनील टॉर्च टाकली की विंचू हिरवट चमकतो, संडासाकडे जाताना ती हातात असावी. केप कोब्रा आणि पफ अ‍ॅडर हे साप या भागात आहेत. रात्री चप्पल नको, बूट.

धबधब्याजवळ एकच नियम: कठड्याच्या आत. खडक दिसायला खडबडीत, पण शतकानुशतकं पुराने घासून गुळगुळीत झालेला आहे. तुषारांनी ओला झाला की त्यावर बूट धरतच नाही. घळीकडचा उतार सुरुवातीला सौम्य असतो, मग वळत जातो, आणि घसरायला लागलेल्या माणसाला धरायला काही नसतं. इथे माणसं दगावली आहेत ती अशीच, फोटोसाठी दोन पावलं पुढे जाऊन. नदीत उतरणं कुठेही नाही. लाकडी पायवाटेचा काही भाग चाकाच्या खुर्चीसाठीही आहे, आई-बाबांना मुख्य धबधबा सहज दिसेल.

त्याच कठड्याशी दहा मिनिटं शांत उभं राहा आणि खडकावर बघा. ऑग्राबीसचा चपटा सरडा दिसेल. नराचं डोकं आणि छाती गडद निळी, पुढचे पाय पिवळे-नारिंगी, मादी तपकिरी आणि पाठीवर फिकट पट्टे. ते जागच्या जागी उडी मारून हवेतल्या काळ्या माश्या पकडतात. याच काळ्या माश्या तुमच्या कानामागे चावतील. त्यांच्या अळ्या खळाळत्या पाण्यातच वाढतात, म्हणून धबधब्याच्या वर-खाली त्या फार. त्या दिवसा चावतात, रात्री नाही. फिके कपडे, लांब बाह्या, कान झाकणारी टोपी, आणि डीट हे कीटकांना दूर ठेवणारं रसायन असलेलं मलम एवढं पुरतं.

बाकी फिरण्यात मून रॉक हा गुळगुळीत घुमट सूर्योदयाला चढा. कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे त्याचे दगडी थर सुटलेले दिसतात. अराराट आणि ओरान्येकोम या घळीच्या दर्शनस्थळांना गाडी जाते, कॅरॅव्हॅन कॅम्पवरच सोडून. आतल्या काही वाटांना उंच गाडी किंवा फोर-बाय-फोर लागते, फाटकावर विचारून घ्या. क्लिपस्प्रिंगर ही तीन दिवसांची पायवाट उन्हाळ्यात बंदच असते, आणि ते योग्यच आहे. ड्रोन आणि पाळीव प्राणी घरी ठेवा, दोन्हींना बंदी आहे.

निघायच्या दिवशी पहाटेच मांडव उतरवा, कापड थंड असताना नीट घडी बसते. खालची चटई एका टोकाने, स्वतःपासून लांब उचलत गुंडाळा, विंचू तिच्याखालीच असतात. कोपऱ्यांचे पाय वर, हिच लावली, दिवे तपासले, मगच चाकांची उटी काढायची. आणि काकामासच्या पंपावर हवा तपासताना चाकांचे नट पुन्हा एकदा.